जोडीजोडीने वाईन चाखताना: नवशिक्यांसाठी परवडणाऱ्या वाणांची ओळख

वाईन शिकू पाहणारा माणूस बहुधा एक बाटली आणतो, ती संपवतो, 'बरी होती' किंवा 'फार आंबट होती' असे म्हणतो आणि पुढच्या महिन्यात वेगळीच बाटली घेऊन येतो. अशा रीतीने वर्षभरात दहा-बारा वाईन चाखूनही हाती फारसे काही लागत नाही, कारण दुसरी बाटली उघडेपर्यंत पहिलीची चव आठवणीतून पुसली गेलेली असते. यावर मला सापडलेला सर्वांत स्वस्त उपाय असा की, वाईन एकेक न आणता दोन-दोन आणाव्यात, दोन्ही एकाच बैठकीत शेजारीशेजारी ठेवून चाखाव्यात, आणि जोडी अशी निवडावी की त्या दोघींत मुख्य फरक एकाच गोष्टीचा असेल. खाली अशा सात जोड्या दिल्या आहेत. चार-पाच जणांनी मिळून खर्च वाटून घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक वेळी अर्ध्या बाटलीएवढी किंवा त्याहूनही कमी किंमत येते.

पैसा कुठे जातो

बाटलीची काच, बूच, लेबल, खोका, वाहतूक आणि बऱ्याच ठिकाणी करही, हे खर्च स्वस्त आणि महाग बाटलीला जवळजवळ सारखेच पडतात. त्यामुळे दुकानातल्या सर्वांत खालच्या थरातील बाटलीत प्रत्यक्ष वाईनसाठी मोजलेला पैसा फारच थोडा असतो, आणि तिथून एक-दोन पायऱ्या वर चढले की वाढीव पैशाचा मोठा हिस्सा थेट द्राक्षात उतरतो. नवशिक्याने खरेदी करावी ती या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर. त्याहून वर गेल्यावर किमतीत जमिनीचा भाव, नव्या ओक लाकडाच्या पिंपांचा खर्च, वाईन मुरवण्यात गेलेली वर्षे आणि प्रदेशाची कीर्ती यांची भर पडत जाते, आणि त्यातले सगळेच नवख्या जिभेला जाणवते असे नाही. २००८ साली 'जर्नल ऑफ वाईन इकॉनॉमिक्स' या नियतकालिकात सहा हजारांहून अधिक आंधळ्या चाचण्यांचे, म्हणजे लेबल व किंमत न सांगता घेतलेल्या चाचण्यांचे, विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात प्रशिक्षण नसलेल्या लोकांना महागड्या वाईन सरासरीने किंचित कमीच आवडल्याचे दिसले.

यातून निवडीचा एक उपयुक्त नियम निघतो. ज्या वाईनला नवे पिंप आणि लांबचा काळ लागत नाही, तिथे स्वस्ताई चवीच्या मुळावर येत नाही. पोलादी टाकीत आंबवून त्याच वर्षी बाटलीत भरलेली सोव्हिन्यो ब्लाँ किंवा शेनँ ब्लाँ या वाणांची पांढरी वाईन कमी पैशांतही प्रामाणिक आणि ताजी मिळू शकते. याउलट पिनो न्वार हा लाल वाईनचा, पातळ सालीचा, हवामानाबाबत चोखंदळ आणि चांगला हवा असेल तर कमीच पीक देणारा वाण असल्याने त्याची स्वस्त बाटली बहुधा पाणचट तरी निघते किंवा गोडसर जॅमसारखी तरी. मी स्वतः सुरुवातीला फ्रान्समधील बर्गंडी या प्रसिद्ध प्रदेशाच्या नावाला भुलून सर्वांत स्वस्त पिनो न्वार घेतली होती, आणि त्यानंतर बराच काळ या उत्तम वाणाविषयी माझे मत उगीचच वाईट राहिले. दुसरी गोष्ट प्रसिद्ध प्रदेशाच्या शेजाऱ्यांची. बोर्दोऐवजी दक्षिण फ्रान्समधील लाँगडॉक, स्पेनमध्ये रिओहाऐवजी कालातायुद आणि कँपो दे बोर्हा, शँपेनऐवजी कावा किंवा क्रेमाँ या बुडबुड्यांच्या वाईन, अशा ठिकाणी नावासाठी मोजावी लागणारी जादा रक्कम वाचते.

लेबल वाचताना

काही लेबलांवर वाणाचे नाव असते, काहींवर केवळ गावाचे किंवा प्रदेशाचे. वाणाचे नाव असले म्हणजे बाटलीत शंभर टक्के तोच वाण असतो असे नाही. युरोपीय संघात किमान ८५ टक्के आणि अमेरिकेत सर्वसाधारणपणे किमान ७५ टक्के तो वाण असावा लागतो. प्रदेशाचे नाव असेल तर वाण आपल्याला ठाऊक असला पाहिजे: शाब्ली म्हणजे शार्डोने, सान्सेरची पांढरी वाईन म्हणजे सोव्हिन्यो ब्लाँ, बोजोलेची लाल म्हणजे गामे, कियांतीमध्ये मुख्यतः सान्जोव्हेसे आणि लाल रिओहामध्ये मुख्यतः तेंप्रानियो. एवढी पाच नावे पाठ असली तरी दुकानातला निम्मा गोंधळ मिटतो.

अल्कोहोलची टक्केवारी ही लेबलावरची सर्वांत प्रामाणिक खूण आहे. द्राक्षातील साखरेचे अल्कोहोल होते. म्हणून आठ-नऊ टक्क्यांची रीसलिंग ही पांढरी वाईन दिसली तर काही साखर आंबायची राहिली असून वाईन गोडसर असणार हे ओळखावे, आणि चौदा टक्क्यांच्या वरची लाल वाईन उष्ण प्रदेशातील, भारदस्त आणि घशाला ऊब देणारी असणार असे समजावे. लेबलावरचे वर्ष पाहताना साधा ठोकताळा असा की स्वस्त पांढरी आणि रोझे म्हणजे गुलाबी वाईन मिळेल तितकी ताजी घ्यावी, आणि स्वस्त लाल वाईन दोन ते चार वर्षांच्या आतली असावी. 'जुनी तितकी चांगली' हे फार थोड्या वाईनच्या बाबतीत खरे असते, आणि त्या परवडणाऱ्या थरात क्वचितच असतात.

'रिझर्व्ह' या शब्दाने मात्र दबून जाऊ नये. स्पेनमध्ये त्याला कायद्याचा आधार आहे. अमेरिकेत संघीय नियमांत त्याची कोणतीही व्याख्या नाही. जड बाटली आणि तळाशी खोल खळगा यांचाही आतल्या वाईनशी संबंध नसतो. स्क्रू-कॅप म्हणजे हलका माल हा समज तर कधीच जुना झाला. ऑस्ट्रेलियातील क्लेअर व्हॅलीच्या उत्पादकांनी २००० साली आपल्या नामांकित रीसलिंगसाठी एकत्रितपणे बुचाऐवजी स्क्रू-कॅप स्वीकारली ती वाईनचा ताजेपणा टिकावा म्हणूनच.

बैठकीची तयारी

ग्लास महागडे नकोत, पण वरच्या तोंडाशी निमुळते होणारे, ट्यूलिपच्या फुलासारख्या आकाराचे आणि सगळे एकसारखे असावेत, कारण निमुळत्या तोंडामुळे वास आत कोंडला जातो. चाखण्यासाठीच्या ग्लासाचे १९७७ साली ठरलेले आंतरराष्ट्रीय मानकही असेच निमुळते आणि लहानखुरे, सुमारे २१५ मिलिलिटरचे आहे. त्यात ५० मिलिलिटर वाईन ओतायची, म्हणजे एका ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून पंधरा घोट-वाटे निघतात.

तापमानाकडे नवशिके जितके दुर्लक्ष करतात तितके दुसऱ्या कशाकडेही करत नाहीत, आणि स्वस्त वाईनचे सर्वाधिक नुकसान इथेच होते. फार थंड पांढऱ्या वाईनला वासच येत नाही. गरम लाल वाईनमध्ये अल्कोहोल नाकात जाते आणि फळाची चव मागे पडते. हलकी पांढरी वाईन ७ ते १० अंश सेल्सिअस, ओकमध्ये मुरलेली पांढरी १० ते १३, हलकी लाल १२ ते १४ आणि भारदस्त लाल १५ ते १८ अंशांवर चाखावी. घरचा फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो, म्हणून पांढरी वाईन पंधरा-वीस मिनिटे आधी बाहेर काढावी आणि लाल वाईन, खोली उबदार असल्यास, तितकाच वेळ किंवा थोडा अधिक वेळ फ्रिजमध्ये ठेवावी.

मद्याचे प्रमाण डोळ्यांआड करू नये. साडेबारा टक्क्यांच्या एका बाटलीत सुमारे ७४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ पासून माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. व्यावसायिक चाखणारे वाईन गिळत नाहीत, थुंकतात. त्यासाठी मेजावर एक भांडे ठेवावे आणि ते वापरण्यात कोणी संकोच मानू नये. गरोदरपणात, औषधे चालू असताना, गाडी चालवायची असताना किंवा कायद्याने ठरवलेले वय झालेले नसताना हा अभ्यास करायचा नसतो.

चाखायचे कसे

प्रथम न हलवता वास घ्यावा, मग ग्लास फिरवून पुन्हा घ्यावा, आणि त्यानंतर लहानसा घोट तोंडभर फिरवावा. दर वेळी पाच गोष्टींची नोंद करावी: गोडवा, आंबटपणा, तुरटपणा, अल्कोहोलची ऊब आणि तोंडातला भार. आंबटपणा किती हे ठरवण्याचा सोपा मार्ग म्हणजे घोटानंतर तोंडाला किती पाणी सुटते ते पाहणे. तुरटपणा म्हणजे टॅनिन. ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येते, आणि लाल वाईन सालींसकट आंबवली जात असल्याने तिच्यात ते ठळक असते. इथे मराठी माणसाचे काम सोपे होते, कारण 'तुरट' हा शब्द आणि ती संवेदना आपल्याला लहानपणापासून वेगळी ओळखता येते. शंका असेल तर दूध-साखर न घातलेला, फार वेळ उकळलेला चहा तोंडात धरून पाहावा: हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात तो तुरटपणा, आणि जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो तो कडवटपणा.

वासासाठी फुलाफळांची लांबलचक यादी करण्याची गरज नाही. अमेरिकेतील डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी १९८४ साली वाईनच्या वासांचे एक चक्र मांडले, आणि त्यातील युक्ती मोलाची आहे: आधी ढोबळ गट ठरवावा, फळ की फूल, की मसाला, की माती, की लाकूड, आणि फळ असेल तरच मग लिंबूवर्गीय की सफरचंदासारखे की उष्ण प्रदेशातले, असे आत आत जावे. एक सावधगिरी मात्र हवी. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोमधील एका प्रयोगात वाईनचे शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाईन वास नसलेल्या लाल रंगाने रंगवून दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केले. त्यामुळे दुसऱ्या फेरीत डोळे मिटून वास घ्यावा.

सात जोड्या

पहिली जोडी वासाची आहे: न्यूझीलंडच्या मार्लबरोची किंवा चिलीच्या कासाब्लांका खोऱ्यातील सोव्हिन्यो ब्लाँ, आणि तिच्याशेजारी ओक न लागलेली शार्डोने. पहिलीचा वास ग्लास नाकापाशी येण्याआधीच येतो. त्यातला हिरव्या ढोबळ्या मिरचीचा भाग मेथॉक्सीपायराझीन या संयुगांमुळे असतो, आणि तीच संयुगे प्रत्यक्ष ढोबळ्या मिरचीतही असतात. पॅशनफ्रूटसारखा भाग गंधकयुक्त थायॉलमुळे येतो. शार्डोनेला स्वतःचा असा ठळक वास जवळजवळ नसतो, आणि हेच या जोडीत समजून घ्यायचे आहे, कारण पुढची जोडी त्यावरच उभी आहे.

दुसऱ्या जोडीत तीच बिनओकची शार्डोने पुन्हा घ्यावी आणि सोबत ओकमध्ये मुरवलेली ठेवावी. ओकवाली अधिक पिवळसर, व्हॅनिला आणि भाजलेल्या पावाची आठवण देणारी, आणि बहुधा लोण्याच्या वासाची निघते. लोणी मात्र लाकडातून येत नाही. तीव्र आंबट मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करणारे जिवाणू त्या ओघात डायअ‍ॅसिटिल नावाचे द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास असतो. परवडणाऱ्या बाटलीत पिंपाऐवजी ओकचे तुकडे किंवा फळ्या टाकीत सोडलेल्या असू शकतात. युरोपीय संघानेही २००६ मध्ये या पद्धतीला परवानगी दिली आहे, आणि शिकण्याच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही.

तिसरी जोडी गोडव्याची, आणि माझ्या मते सर्वांत डोळे उघडणारी. जर्मन रीसलिंगच्या दोन बाटल्या घ्याव्यात: एकीवर 'ट्रोकन' म्हणजे कोरडी असे लिहिलेले असावे, दुसरीवर फक्त 'काबिनेट', आणि तिचे अल्कोहोल आठ-नऊ टक्के असावे. वाईनच्या भाषेत 'कोरडी' म्हणजे साखर न उरलेली. तुरट नव्हे आणि आंबटही नव्हे, आणि हा घोटाळा जवळजवळ प्रत्येक नवशिका करतो. काबिनेटमध्ये साखर स्पष्टपणे असते, तरीही ती सरबतासारखी लागत नाही, कारण रीसलिंगचा धारदार आंबटपणा गोडव्याला तोलून धरतो. 'मला गोड वाईन आवडत नाही' असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना खरे तर आंबटपणा नसलेली गोड वाईन आवडत नसते. रीसलिंग मिळाली नाही तर दक्षिण आफ्रिकेची शेनँ ब्लाँ कोरडी आणि किंचित गोड अशा दोन्ही तऱ्हांत घ्यावी. तिथे सर्वाधिक लागवड याच वाणाची असल्याने ती कमी दरात चांगली मिळते.

चौथ्या जोडीपासून लाल वाईन सुरू होते, आणि ही जोडी तुरटपणाची आहे. बोजोले-व्हिलाज, म्हणजे गामे, किंचित थंड करून घ्यावी आणि तिच्यासमोर चिलीची कॅबर्ने सोव्हिन्यो ठेवावी. बोजोलेमध्ये बहुतेक वेळा द्राक्षांचे घड न फोडता टाकीत भरतात आणि आंबण्याची सुरुवात अखंड मण्यांच्या आतच होते, त्यामुळे रंग आणि फळाची चव उतरते, टॅनिन मात्र थोडेच. कॅबर्नेची साल जाड आणि गराच्या मानाने बियांचे प्रमाण मोठे, म्हणून हिरड्या आवळणारा तुरटपणा भरपूर. कॅबर्नेच्या ग्लासातही हिरव्या मिरचीची पुसटशी छटा जाणवली तर दचकू नये. डेव्हिसमधल्या संशोधकांनी १९९७ साली जनुकीय चाचणीतून दाखवले की हा वाण कॅबर्ने फ्राँ आणि पहिल्या जोडीतील सोव्हिन्यो ब्लाँ यांच्या नैसर्गिक संकरातून जन्मला. यानंतर कॅबर्नेचा घोट थोड्या खारट चीजबरोबर पुन्हा घेऊन पाहावा. प्रथिने, स्निग्धता आणि मीठ यांनी तुरटपणा कसा नरमतो ते एका घासात कळते.

पाचवी जोडी हवामानाची: दक्षिण फ्रान्सची किंवा ऱ्होन खोऱ्यातील सिरा, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाची शिराज. वाण एकच, नावे दोन. उष्ण हवामानात फळ अधिक पिकते, साखर वाढते, आंबटपणा उतरतो, आणि वाईन गडद, दाट व ऊबदार होते. थंड बाजूला काळ्या मिरीचा वास पुढे येतो. हा वास रोटंडोन या संयुगाचा असतो आणि ते खऱ्या मिरीतही असते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांना असे आढळले की सुमारे पाचांपैकी एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही. तेव्हा बैठकीत एकाला मिरी लागली आणि दुसऱ्याला लागली नाही, तर दोघेही बरोबर असू शकतात.

सहावी जोडी काळाची. स्पेनच्या रिओहातील तरुण 'होवेन' आणि 'क्रियांसा' या दोन बाटल्या शेजारी ठेवाव्यात. लाल क्रियांसा किमान दोन वर्षे मुरवलेली असते, आणि त्यातले किमान एक वर्ष ओक पिंपात. वर्षानुवर्षे तळघर न सांभाळता मुरलेली वाईन म्हणजे काय हे इतक्या कमी खर्चात दाखवणारा दुसरा प्रदेश मला ठाऊक नाही.

सातवी जोडी बुडबुड्यांची: प्रोसेको आणि कावा. प्रोसेकोची दुसरी आंबवणी मोठ्या बंद टाकीत होते, म्हणून ती नाशपाती आणि फुलांच्या वासाची, हलकी राहते. कावाची दुसरी आंबवणी शँपेनप्रमाणे त्याच बाटलीत होते, आणि किमान नऊ महिने यीस्टच्या गाळावर राहिल्याने तिला पावाच्या कणकेसारखा खमंगपणा येतो. फसवा शब्द एकच आहे: 'एक्स्ट्रा ड्राय' ही 'ब्रूट'पेक्षा गोड असते. ब्रूटमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपर्यंत साखर चालते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७ ग्रॅम. दोन्हींचे बूच काढताना बाटली तिरपी धरून बूच घट्ट पकडावे आणि बाटली फिरवावी.

या सातांत न बसलेल्या, पण पैशाला जागणाऱ्या काही वाईन सवडीने घ्याव्यात. अर्जेंटिनातील मेन्डोझाची माल्बेक ही तुरटपणा न आवडणाऱ्यांसाठी लाल वाईनची सर्वांत सोपी वाट आहे. चिलीची कार्मेनेर १९९४ पर्यंत तिथल्या मळ्यांत मर्लो हा दुसराच वाण समजून वाढवली जात होती. इटलीची माँतेपुल्चानो द'अब्रुत्सो, पोर्तुगालची हलकी विन्यो व्हेर्दे आणि फ्रान्सची खारट-आंबट म्युस्कादे यांतही क्वचितच निराशा होते. दक्षिण आफ्रिकेची लाल पिनोताज लगेच घेऊ नये. ती आवडणारे आणि न आवडणारे यांच्यात मधला वर्ग जवळजवळ नाही.

बाटली बिघडलेली असेल तर

बूच असलेल्या वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बंद तळघराचा कुबट वास आला आणि फळाचा वास मेल्यासारखा वाटला, तर बुचातील टीसीए या संयुगाचा तो दोष असतो. ग्लास हवेत ठेवल्याने हा वास जात नाही, उलट वाढल्यासारखा वाटतो. बाटली परत करावी. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा उग्र वास, अथवा तरुण पांढऱ्या वाईनला आलेला तपकिरी रंग हेही बिघाडच. बुचाला किंवा तळाला चिकटलेले काचेसारखे पांढरे खडे मात्र टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे निरुपद्रवी स्फटिक असतात.

उरलेली वाईन, लाल असली तरी, झाकण लावून फ्रिजमध्येच ठेवावी. पांढरी तीन-चार दिवस, लाल दोन-तीन दिवस आणि बुडबुड्यांची वाईन विशेष झाकणासह एक-दोन दिवस बरी राहते. न उघडलेल्या बाटल्या उजेड आणि उष्णतेपासून दूर, बूच असेल तर आडव्या ठेवाव्यात.

सातही जोड्या झाल्यावर वही काढून पाहावी आणि दुकानात आपली मागणी अशा मोजक्या शब्दांत सांगावी: 'कोरडी, आंबटपणा भरपूर, तुरटपणा कमी, ओक नको' एवढे ऐकून जाणता विक्रेता योग्य कप्प्याकडे वळतो. त्यानंतर दुसरी जोडी पुन्हा आणावी, पण या वेळी दुसऱ्या कोणाला तरी तीन ग्लास आपल्या नकळत भरायला सांगावेत, दोनांत एक वाईन आणि तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास कोणता हे डोळे मिटून ओळखावे. निव्वळ अंदाजानेही सरासरी तीनांत एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून ही चाचणी निदान पाच वेळा करावी. चार वेळा जमले तर पुढची पिनो न्वार घ्यायला हरकत नाही, फक्त ती सर्वांत खालच्या थरातली नसावी.